शाळेनं हिशेब कोणाला द्यायचा?

डिसेंबरात गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापक बाईंचा फोन आला. मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे, म्हणजे गावाच्या लेखी ‘कम्प्युटरवाला’. पीक विम्याच्या फॉर्मपासून बंद पडलेल्या प्रिंटरपर्यंत सगळं मला विचारलं जातं, त्यामुळे आधी वाटलं की शाळेचा प्रिंटर बिघडला असेल. पण बाईंना वेगळंच काही हवं होतं. २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर पालकसभा घ्यायची होती आणि तिथे वाटायला एक पान हवं होतं. वर्षभरात शाळेनं काय केलं, मुलं किती शिकली, गावानं शाळेला काय दिलं. “एकच पान कर,” बाई म्हणाल्या, “पण लोकाईनं वाचलं पाह्यजे असं कर.”

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या नेर तालुक्यात आहे. हे नेर म्हणजे नेर परसोपंत, यवतमाळहून अमरावतीकडे जाताना लागतं ते. कापूस, सोयाबीन, तूर आणि उरलेला वेळ पावसाची वाट पाहणं, असं आमचं साधारण वेळापत्रक. शाळा पहिली ते चौथी. दोन शिक्षक, दोन खोल्या, एक कडुनिंब. पट १९.

हा १९ आकडा नीट लक्षात घ्यायला हवा. २०२३ च्या सप्टेंबरात राज्याच्या शिक्षण खात्यानं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूहशाळा’ करण्याचे प्रस्ताव मागवले होते. नमुना म्हणून पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणं दिली होती. अशा शाळा राज्यात चौदा-पंधरा हजार आहेत, असं तेव्हा पुढे आलं. बराच विरोध झाला आणि विषय मागे पडला, पण ज्या शाळांचा पट वीसच्या खाली आहे त्यांच्या पोटात तेव्हापासून एक गोळा आहे तो आहेच. त्यात दर जूनमध्ये नेरहून कॉन्व्हेंटची पिवळी व्हॅन गावात येते आणि दोन-तीन पोरं घेऊन जाते. बाईंना हवं असलेलं पान सजावटीसाठी नव्हतं. पुढच्या जूनमध्ये शाळा किती उरणार, हा प्रश्न त्या पानामागे होता.

मी उत्साहानं कामाला लागलो. शाळेचा यूडायस क्रमांक घेतला. देशातल्या प्रत्येक शाळेला असा अकरा आकडी क्रमांक असतो, महाराष्ट्राचे २७ आणि यवतमाळचे १४ धरून आमच्याकडचे सगळे क्रमांक २७१४ नं सुरू होतात. त्यावरून शाळेचं सरकारी ‘रिपोर्ट कार्ड’ उतरवलं. वर्गखोल्या, स्वच्छतागृहं, रॅम्प, वीज, ग्रंथालयातली पुस्तकं, शिक्षकांची पात्रता. दोन रात्री बसून त्याचे रंगीत आलेख केले. हिरव्या पट्ट्या, निळे गोल, टक्केवारी. ऑफिसात ग्राहकाला दाखवतो तसंच अगदी.

ते आईला दाखवलं. आई सातवी शिकलेली आहे, रोजचं वर्तमानपत्र वाचते. तिनं पान उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, “हे साह्यबासाठी केलं का?”

मी नाही म्हणालो, गावासाठी केलं. ती म्हणाली, “वाटत नाही बाप्पा.”

तिचं बरोबर होतं. फक्त मला ते कळायला थोडा इतिहास वाचावा लागला. तो इथे मांडतो आहे, कारण मला वाटतं की आपल्या शाळांचा प्रत्येक कागद साहेबासाठी का होतो, याचं उत्तर त्यात आहे.

*

इंग्रजी अमदानीच्या आधी गावातल्या शाळेचा हिशेब सोपा होता. पंतोजी एखाद्याच्या पडवीत नाहीतर देवळात मुलं जमवायचा आणि मुलांचे बाप त्याला पैसे, धान्य, सणावाराला काहीबाही द्यायचे. पोराला मोडी वाचता आली नाही, पावकी-निमकी आली नाही, तर बाप पुढच्या महिन्यात हात आखडता घ्यायचा. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननं १८२४ मध्ये मुंबई इलाख्याच्या कलेक्टरांकडून अशा शाळांची माहिती मागवली. १८२९ च्या आकड्यांत इलाख्यात सुमारे १,७०० शाळा आणि ३५ हजार मुलं दिसतात. र. वि. परुळेकरांनी ही कागदपत्रं शोधून १९४५ मध्ये छापली, म्हणून आज आपल्याला ती वाचता येतात.

या व्यवस्थेच्या प्रेमात पडायचं कारण नाही. पंतोजी ज्याचं खायचा त्यालाच हिशेब द्यायचा आणि ज्याच्याकडे द्यायला काही नव्हतं त्याचं पोर पडवीत बसतच नव्हतं. मुली नव्हत्या. अस्पृश्य मानलेल्या जातींची मुलं नव्हती. हिशेब थेट होता, पण तो मोजक्या घरांपुरता होता.

ज्यांना त्या पडवीत जागा नव्हती त्यांच्यासाठी जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात शाळा काढल्या, हे आपण सगळे शाळेतच शिकतो. त्या शाळांनी समाजाला हिशेब कसा दिला, हे मात्र मला अलीकडे कळलं. त्या काळी शाळेची परीक्षा चारचौघांत व्हायची. १२ फेब्रुवारी १८५३ रोजी पुण्यात फुल्यांच्या मुलींच्या शाळांची जाहीर परीक्षा झाली. २३७ मुली परीक्षेला होत्या आणि बघायला सुमारे तीन हजार माणसं जमली होती. मुलींनी शिकावं की नाही यावर गावात शेणगोळे उडत असताना या लोकांनी मुलींना उभं करून वाचायला लावलं. पटतं की नाही ते नंतर बघा, आधी ऐका. शाळेचा याहून स्वच्छ अहवाल मला तरी माहीत नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. आमचा मुलूख त्यात आला. पुढे तो वणी जिल्ह्यात गेला आणि १९०५ पासून त्या जिल्ह्याला यवतमाळ म्हणू लागले. म्हणजे आमच्याकडे सरकारी शाळा आली तीच मुळी वरून. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर इलाख्याइलाख्यात शिक्षण खातं उभं राहिलं, त्याला डायरेक्टर आला, इन्स्पेक्टर आला, डेप्युटी इन्स्पेक्टर आला. हा शेवटचा म्हणजे आपल्या जुन्या कथांतला ‘दिपोटी’. तो घोड्यावरून किंवा दमणीतून यायचा, मुलांना चार प्रश्न विचारायचा, शेरेबुकात शेरा लिहायचा आणि निघून जायचा. शेरा मास्तरासाठी आणि अहवाल वरच्या साहेबासाठी. पोराच्या बापाचा या सगळ्यात एकच संबंध होता, तो म्हणजे दिपोटीसाठी कोंबडी त्याच्या घरून जायची.

आणि पैसे? तेही बापाच्याच घरून. मुंबई इलाख्यात जमीनमहसुलावर रुपयामागे एक आणा असा लोकल फंड वसूल होई आणि त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणासाठी असे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी नेमकं याच जागी बोट ठेवलं. पैसा शेतकऱ्याच्या घामाचा आणि शिक्षण वरच्या वर्गाला, हा त्यांचा मुख्य मुद्दा सर्वांना ठाऊक आहे. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही मागणीही माहीत असते. पण त्याच निवेदनात तपासणीबद्दल दोन-तीन वाक्यं आहेत, ती मी पुन्हा पुन्हा वाचली. दिपोटी वर्षातून एकदा येतो, त्याचा काडीचा उपयोग नाही, असं ते म्हणतात. निदान तीन महिन्यांनी एकदा तरी तपासणी व्हावी, आणि मधूनच, न कळवता, शाळेत जावं. दीडशे वर्षांपूर्वीचा माणूस सांगतो आहे की आगाऊ कळवून केलेली तपासणी म्हणजे नाटक. ज्यानं स्वतःच्या शाळा तीन हजार लोकांसमोर उघड्या केल्या, त्यालाच हे म्हणायचा अधिकार होता.

त्या काळात ‘निकालावर अनुदान’ अशीही एक पद्धत होती. इंग्लंडात रॉबर्ट लोनं ती १८६२ मध्ये आणली आणि आपल्याकडच्या अनुदानित शाळांतही ती आली. जितकी पोरं पास, तितका पैसा. परिणाम काय झाला असेल ते कोणीही सांगू शकेल. मास्तरांनी साहेब विचारतो तेवढंच घोकून घेतलं. १९०४ च्या कर्झनच्या शिक्षणविषयक ठरावानं ही पद्धत मोडीत काढली. पण आकडा वर पाठवायचा असला की आकडाच सुधारतो, मूल सुधारेलच असं नाही, हा धडा आपण तेवढ्यापुरताच शिकलो.

*

वऱ्हाडात गावानं शाळा स्वतःच्या खांद्यावर घेण्याचे प्रयत्नही झाले. नेरच्या शेजारी नांदगाव खंडेश्वर तालुका आहे, तिथलं पापळ हे डॉ. पंजाबराव देशमुखांचं गाव. १९२८ मध्ये ते अमरावतीच्या जिल्हा कौन्सिलाचे अध्यक्ष झाले तेव्हा त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाला हात घातला आणि त्यासाठी कर वाढवायलाही कचरले नाहीत. शाळा हवी असेल तर पैसे लागतील, हे लोकांना तोंडावर सांगणारा पुढारी तेव्हाही दुर्मीळच होता.

दुसरा प्रयत्न १९३७ नंतरचा. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं आणि रविशंकर शुक्लांनी ‘विद्या मंदिर’ योजना काढली. कल्पना अशी की गावातल्या कोणीतरी शाळेला जमीन दान द्यायची, वर्षाला साधारण दोनशे रुपये उत्पन्न येईल एवढी, आणि त्यातून शिक्षकाचा महिन्याचा पंधरा रुपये पगार निघायचा. सरकारकडे पैसे नव्हते आणि शाळा हजारो हव्या होत्या. त्या वर्षांत वर्ध्याला गांधीजींची बुनियादी शिक्षणाची चर्चा चालू होती, तिचंही वारं यामागे होतं.

योजना फार चालली नाही. ‘मंदिर’ या नावावरून मुस्लिम लीगनं मोठा वाद उभा केला, १९३९ मध्ये मंत्रिमंडळानं राजीनामा दिला आणि मूळ हिशेबही कच्चाच होता. कापसाचा भाव पडला की शिक्षकाचा पगार पडणार आणि जमीन देणारा मालगुजार शाळेचाही मालक होऊन बसणार. तरीही मला या योजनेतली एक गोष्ट सोडवत नाही. शाळेचं उत्पन्न धुऱ्यावरून दिसलं असतं. यंदा शाळेच्या वावरात पऱ्हाटी कशी आहे, हे येणाराजाणारा बघू शकला असता. शाळेचा जमाखर्च असा उघड्यावर उभा राहण्याची शक्यता त्यानंतर कोणत्याही योजनेत आली नाही.

स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेशात जनपद सभा आल्या, १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. ज्या समितीच्या अहवालावर त्या उभ्या राहिल्या तिचे अध्यक्ष वसंतराव नाईक, आमच्याच जिल्ह्यातल्या पुसद तालुक्याच्या गहुलीचे. सत्ता गावाजवळ यावी हा हेतू खरा होता आणि शाळा बांधल्या गेल्या त्याही खऱ्या. माझे आजोबा सांगायचे की आमच्या शाळेच्या पहिल्या खोलीचे दगड गावानं बैलबंडीनं वाहून आणले. पण खोली उभी राहिली आणि कागद पुन्हा वर जायला लागले. केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी, जिल्हा, पुणे.

घरी येणारा एकच कागद होता, प्रगतिपुस्तक. तेही उलट परत करायचं, पालकाची सही घेऊन. माझ्या वर्गातल्या दोघांच्या घरी सही करणारं कोणी नव्हतं. ते शाईत अंगठा बुडवून आणायचे. कशावर अंगठा दिला हे त्या माणसाला कोणी वाचून दाखवलं होतं का, असा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. आज पडतो. २०१० पासून गुणांच्या जागी श्रेणी आणि वर्णनात्मक नोंदी आल्या. हेतू चांगला, मुलाकडे नीट बघावं असा. पण नोंदींची तयार पुस्तकं बाजारात आली आणि अर्ध्या महाराष्ट्रातली मुलं एकाच वेळी ‘उपक्रमात आनंदाने सहभागी’ होऊ लागली.

हिशेब फक्त वर गेला की काय होतं, ते मी स्वतःच्या बोटावर पाहिलं आहे. ३ ते ५ ऑक्टोबर २०११, राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली. मी तेव्हा नेरला हायस्कुलात होतो. मतदानाला लावतात तशी शाई आमच्या बोटांना लावली, म्हणजे तेच पोर दुसऱ्या शाळेत मोजलं जाऊ नये. आम्हाला मजा वाटली, आठवडाभर बोट मिरवलं. नंतर कळलं की राज्यात पटावरची सुमारे वीस लाख मुलं त्या तीन दिवसांत वर्गात सापडलीच नाहीत. काही गैरहजर असतील, काही स्थलांतरित. पण कितीतरी नावं फक्त तुकड्या आणि अनुदान टिकवण्यासाठी कागदावर होती. हे पट वर्षानुवर्षं तपासले गेले होते, त्यांवर शेरे होते, सह्या होत्या. गावात कोणालाही विचारलं असतं तर खरा आकडा पाच मिनिटांत कळला असता. विचारायचंच नव्हतं.

*

आता कायद्यानं विचारायचं आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ नुसार प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणं, विकास आराखडा करणं, अनुदानाचा खर्च पाहणं ही तिची कामं. कागदावर याहून लोकशाही रचना सापडणार नाही. माझी चुलत वहिनी आमच्या समितीत आहे. तिला विचारलं, तुम्ही काय करता? ती म्हणाली, “बाई बोलावते तवा जातो, चहा पेतो, सही करतो.”

माहिती दिली म्हणजे पालक जागे होतात, असं आम्हा कम्प्युटरवाल्यांना फार वाटतं. म्हणून मी त्यावर झालेले अभ्यास शोधले. तीन सापडले आणि तिन्हींनी वेगवेगळं सांगितलं.

युगांडात १९९१ ते ९५ या काळात शाळांसाठी सुटलेल्या अनुदानातले सरासरी १३ टक्केच शाळेपर्यंत पोचत होते. मग सरकारनं प्रत्येक हप्त्याची रक्कम वर्तमानपत्रात छापायला आणि शाळेच्या भिंतीवर लावायला सुरुवात केली. २००१ पर्यंत हे प्रमाण ८० टक्क्यांच्या पुढे गेलं. सगळं श्रेय भिंतीवरच्या कागदाला द्यावं का यावर अभ्यासकांत वाद आहे, पण कागदाचा धाक होता हे खरं.

पाकिस्तानी पंजाबातल्या ११२ गावांपैकी निम्म्या गावांत पालकांना मुलाचे आणि गावातल्या सगळ्या शाळांचे गुण दाखवणारी कार्डं दिली. वर्षभरात मुलांचे गुण थोडे वाढले आणि खासगी शाळांची फी सतरा टक्क्यांनी उतरली. तिथे एकेका गावात अनेक शाळा होत्या. कार्ड हातात आलं की पालक या शाळेतून त्या शाळेत जाऊ शकत होता.

तिसरा अभ्यास उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यातला, ‘प्रथम’ संस्थेच्या कामावरचा. गावोगाव सभा घेतल्या, शिक्षण समितीचे अधिकार समजावले, गावानं स्वतः मुलांची वाचन चाचणी घेऊन गावाचं प्रगतिपत्रक तयार केलं. आधीच्या पाहणीत काही समिती सदस्यांना आपण सदस्य आहोत हेच माहीत नव्हतं. सभा चांगल्या झाल्या. आणि शाळेत काहीही बदललं नाही. बदल दिसला तो फक्त जिथे गावातल्या तरुणांना वाचन शिकवायची साधी पद्धत दाखवून वर्ग घ्यायला लावले तिथे. त्या वर्गांना आलेली मुलं वाचू लागली.

तिन्ही शेजारी ठेवून मला एवढं कळलं. पैशाचा हिशेब उघड केला की पैसा हलतो. गुणांचा हिशेब उघड केला तर ज्याला पर्याय आहे तो हलतो. आणि ज्याला पर्याय नाही, त्याला नुसतं ‘तुझ्या पोराला वाचता येत नाही’ सांगून उपयोग नाही. पुढचं वाक्य काय, ते तयार पाहिजे.

*

मी रंगीत आलेख फेकून दिले. नाताळच्या सुट्टीत गावी गेलो आणि बाईंसोबत बसून दुसरी ते चौथीच्या चौदा मुलांना एकेक करून वाचायला लावलं. ‘असर’ची साधी रीत आहे, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. मूल जिथे थांबेल तिथे थांबायचं. नऊ मुलांनी गोष्ट वाचली. तीन परिच्छेदावर अडखळली. दोघांना शब्दही जमेना, त्यातला एक चौथीत.

बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “हे छापलं तर जूनमध्ये व्हॅन भरून जाईल.”

आमच्या धंद्यात अशा वेळी काय करतात ते मला चांगलं ठाऊक आहे. आकडा बदलत नाहीत, परिमाण बदलतात. ‘सर्व मुलांना अक्षरओळख’ असं लिहिलं असतं तर ते शंभर टक्के खरं होतं. अशा अहवालांना आम्ही टरबूज म्हणतो, बाहेरून हिरवं, आतून लाल. मी तसे कितीतरी केले आहेत. पण इथे ते पान माझी आई वाचणार होती, आणि त्या चौथीतल्या पोराचा बाप माझ्यासोबत त्याच वर्गात बसला होता. अंगठा आणणाऱ्या दोघांपैकी एक तो.

आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. पानावर सगळ्या शाळेचा खरा आकडा येईल, कोणाचं नाव येणार नाही. आणि सभेआधी बाई प्रत्येक घरी जाऊन त्या घरच्या पोराचं त्या घरालाच सांगतील, पुढे काय करायचं ते धरून. पानाच्या मागच्या बाजूला जमाखर्च. ग्रामपंचायतीकडून काय आलं, शाळेचं अनुदान किती, लोकवर्गणी किती, कुठे गेली. त्यात २०१७ मध्ये ‘डिजिटल शाळे’साठी वर्गणी काढून घेतलेला टीव्हीही होता. तो दोन वर्षांपासून बंद आहे. बाईंनी तेही लिहायला लावलं.

अलीकडे सरकारनंही शाळांसाठी ‘चावडी वाचन’ सुरू केलं आहे, निपुण महाराष्ट्रच्या कार्यक्रमात. गावासमोर मुलांनी वाचून दाखवायचं. आमच्याकडे चावडी वाचन म्हटलं की तलाठ्यानं सातबारा वाचून दाखवणं आठवतं. कोणाच्या नावावर किती वावर, चूक असेल तर बोला. शब्द चांगला निवडला आहे. पण सातबारा वाचताना जमीन लाजत नाही, पोर लाजतं. म्हणून ज्याला जे येतं ते त्यानं वाचावं, असं ठरलं.

२६ तारखेला तीसेक माणसं आली. मुलांनी वाचलं. चौथीतल्या त्या पोरानं सहा शब्दांच्या चिठ्ठ्या वाचल्या, सहाही बरोबर. त्याचा बाप मागे कडुनिंबाखाली उभा होता. नंतर मी पान समजावून सांगायला उठलो, तर एका काकूंनी मधेच थांबवलं, “भाऊ, थे टक्के गिक्के राहू दे. चौदातून पाच पोट्ट्याईले वाचता येत नाही, तं आता करता काय, थे सांग.”

बाई उभ्या राहिल्या. शाळेआधी रोज अर्धा तास, गावातल्या बारावी झालेल्या दोन मुली मदतीला, दोन महिन्यांनी पुन्हा असंच वाचन. मग टीव्हीवर भांडण झालं. वर्गणी कोणी दिली, दुरुस्ती कोणी करायची, आणि गॅरंटीचा कागद कुठे गेला. बाईंनी कपाटातून कॅशबुक आणून मधोमध ठेवलं. शाळेचं कॅशबुक गावानं उघडून पाहिलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. भांडण मिटलं नाही, पण त्याला पानं आणि तारखा मिळाल्या.

मार्चअखेरीस पुन्हा वाचन झालं. पाचपैकी तिघं पुढे सरकली. तो चौथीतला पोरगा परिच्छेदापर्यंत आला, गोष्टीपर्यंत नाही, आणि जूनमध्ये तो नेरला पाचवीत जाईल. दोन घरांनी व्हॅनवाल्याला आगाऊ पैसे दिले आहेत असं ऐकतो. पहिलीत तीन नवी नावं आहेत. पट किती होईल ते जूनमध्ये कळेल.

होळीला गेलो तेव्हा ते पान स्टँडजवळच्या पानठेल्यावर चिकटवलेलं दिसलं. कडा पिवळ्या पडल्या होत्या. वाचायला जवळ गेलो, तर कोणीतरी बॉलपेननं त्यात दुरुस्त्या केल्या होत्या. पाण्याच्या टाकीचं साल खोडून दुसरं घातलं होतं. वर्गणीच्या यादीत राहून गेलेलं एक नाव लिहिलं होतं. टीव्हीच्या ओळीपुढे, जुन्या शेरेबुकात असायची तशी तिरपी रेघ मारून, खाली लिहिलं होतं, ‘काम बाकी’.

मी त्याचा फोटो काढून बाईंना पाठवला. त्यांनी पुढच्या पानासाठी जपून ठेवायला सांगितलं आहे.